वेशीबाहेरचा वारसा : जालन्याचा किल्ला, छावणी आणि बेथेल



‘जालना, सोन्याचा पाळणा’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आजही जालना म्हटले की बियाण्यांच्या कंपन्या, पोलादाचे कारखाने आणि मोसंबीच्या बागा डोळ्यांसमोर येतात. १ मे १९८१ रोजी औरंगाबाद जिल्ह्यातून जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि २०२३ मध्ये या शहराला महानगरपालिकेचा दर्जा मिळाला. शहर वाढते तसे त्याच्या जुन्या वेशी वस्तीच्या मध्यभागी येतात, आणि एके काळी वेशीबाहेर असलेल्या जागा उपनगरे म्हणून ओळखल्या जाऊ लागतात. या लेखात आपण जालन्याच्या अशाच वेशीबाहेरील वास्तूंची ओळख करून घेणार आहोत. त्यात एक किल्ला आहे, एक लष्करी छावणी आहे आणि बेथेल नावाचे एक ख्रिस्ती गाव आहे. या तिन्हींपैकी आपल्या श्रद्धेच्या इतिहासाशी सर्वांत जवळचे नाते कोणाचे, आणि ते जपण्यासाठी आपल्याला काय करता येईल, हा या लेखाचा विषय आहे.

कुंडलिकेच्या दोन काठांवर

कुंडलिका नदीने जालन्याचे दोन भाग केले आहेत. एका काठावर जुना जालना आणि दुसऱ्या काठावर कादराबाद, म्हणजेच नवा जालना. गावाचे मूळ नाव जनकपूर होते आणि सीतामाईचा येथे निवास होता, अशी आख्यायिका आहे. पुढे एका धनाढ्य मुसलमान विणकर व्यापाऱ्यामुळे, म्हणजे जुलाह्यामुळे, ‘जालना’ हे नाव पडले, असेही सांगतात. आख्यायिका हा इतिहासाचा पुरावा नसतो. परंतु हे गाव व्यापाराचे आणि विणकामाचे होते, याची आठवण तिने जपून ठेवली आहे. अकबराच्या दरबारातील विद्वान अबुल फज्ल याचेही काही काळ येथे वास्तव्य होते, असे जुन्या गॅझेटियरमध्ये नमूद आहे.

जुन्या शहराभोवती तट होता. त्याच्या दरवाजांपैकी मूर्ती दरवाजा आणि हैदराबाद दरवाजा ही नावे गॅझेटियरकारांनी नोंदवून ठेवली आहेत. शहरातील काळी मशीद, तिच्याजवळचा हमाम आणि सराई, तसेच मोती तलाव या वास्तूंशी जमशेदखान या अधिकाऱ्याचे नाव जोडलेले आहे. मोती तलावाचे पाणी जमिनीखालील नळांनी शहरातील हौदांपर्यंत आणले जाई आणि त्यांतील सर्वांत मोठा हौद सराईच्या चौकात होता. प्रवाशाला निवारा, उपासकाला मशीद आणि दोघांनाही पाणी, अशी ही योजना होती. मराठवाड्यासारख्या अवर्षणग्रस्त प्रदेशात पाण्याची सोय करणाऱ्याचे नाव लोक विसरत नाहीत. जुन्या जालन्यातील आनंदी स्वामींच्या मंदिराची आषाढी एकादशीची यात्राही अशीच पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. ही सर्व स्थाने वेशीच्या आतली होत. ती आपल्या शेजाऱ्यांची श्रद्धास्थाने आहेत आणि आपल्या शहराचा समाईक ठेवाही आहेत.

मस्तगड

शहराच्या पूर्वेस किल्ला आहे. हैदराबादच्या आसफजाही घराण्याचा संस्थापक निजाम-उल-मुल्क याला औरंगाबादपेक्षा जालन्याची हवा अधिक मानवत असे, असे म्हणतात. त्याच्या आज्ञेने काबिलखान याने १७२५ मध्ये किल्ला आणि त्यातील बालेकिल्ला बांधला. हा बालेकिल्ला ‘मस्तगड’ या नावाने ओळखला जातो. बांधकामाचे वर्ष सांगणारा फारसी शिलालेख तेथे कोरण्यात आला. आत एक मोठी विहीर असून तिच्या भोवती सज्जे व खोल्या काढलेल्या होत्या. पाणी भरण्याबरोबरच उन्हाळ्यात गारव्याला बसण्याची सोयही अशा विहिरीत होत असे. पुढे बरीच वर्षे या बालेकिल्ल्यात नगरपालिकेचे कार्यालय होते.

मस्तगडापासून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. कोणतीही वास्तू आपल्या मूळ हेतूपुरती जगत नाही. लढाईसाठी बांधलेल्या जागेत पुढे नळपट्टी आणि घरपट्टी भरली गेली. वापर चालू राहिला की वास्तूकडे लोकांचे लक्ष राहते. वापर थांबला की आधी छप्पर गळू लागते, मग भिंतीत पिंपळ उगवतो आणि शेवटी दगड दुसऱ्याच्या बांधकामाला जातात.

छावणी आणि तिची थडगी

अठराव्या शतकात जालन्यावर अनेकांचा अंमल आला आणि गेला. १८०३ च्या इंग्रज-मराठा युद्धाच्या आरंभी, सप्टेंबर महिन्यात, कर्नल स्टीव्हन्सन याच्या फौजेने जालन्याचा किल्ला घेतला. त्याच महिन्याच्या २३ तारखेस आपल्याच जिल्ह्यातील असई येथे, केळणा आणि जुई या नद्यांच्या दुआबात, शिंदे-भोसले यांच्या सैन्याशी आर्थर वेलस्ली याची घनघोर लढाई झाली. पुढे वॉटर्लूचा विजेता म्हणून जगभर प्रसिद्ध झालेला ड्यूक ऑफ वेलिंग्टन तो हाच. एका दुपारच्या त्या लढाईत केवळ इंग्रजांच्या बाजूचे मृत, जखमी व बेपत्ता मिळून दीड हजारांहून अधिक लोक होते. मराठ्यांच्या बाजूची हानीही फार मोठी होती. ३० डिसेंबर १८०३ रोजी झालेल्या सुर्जी-अंजनगावच्या तहाने अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या दक्षिणेचा शिंद्यांचा मुलूख, जालन्याच्या किल्ल्यासह, त्यांच्या हातून गेला आणि हा भाग निजामाच्या राज्यात आला.

निजामाशी झालेल्या करारांनुसार इंग्रजांची फौज त्याच्या राज्यात ठेवण्यात येई आणि तिचा एक महत्त्वाचा तळ जालना येथे होता. १८१७ मध्ये नागपूरला सीताबर्डीची लढाई झाली, तेव्हा जनरल डव्हटन याची जालन्याची फौज मजल दरमजल करीत तिकडे गेली होती. पुढे जालन्याची छावणी हैदराबाद कंटिन्जन्ट या फौजेकडे आली. १९०२ मध्ये वऱ्हाडासंबंधी इंग्रज व निजाम यांच्यात नवा करार झाला. त्यानंतर १९०३ मध्ये कंटिन्जन्टचे वेगळे अस्तित्व संपले आणि जालन्याची छावणीही ओस पडली.

जेथे छावणी होती, तेथे दोन गोष्टी हमखास असत. एक उपासनेची जागा आणि दुसरी दफनभूमी. त्या काळच्या ब्रिटिश पलटणींत आयर्लंडचे कॅथलिक शिपाई मोठ्या संख्येने असत. त्यांच्या आध्यात्मिक सेवेसाठी धर्मगुरू एका छावणीतून दुसऱ्या छावणीत घोड्यावरून किंवा बैलगाडीतून प्रवास करीत. दख्खनच्या अनेक भागांत ख्रिस्तसभेचे काम अशा छावण्यांतूनच सुरू झाले.

छावणीतील थडग्यांवरचे लेख वाचणे हे इतिहासाचे एक साधन आहे. ओ. एस. क्रॉफ्टन यांनी निजामाच्या राज्यातील अशा थडग्यांवरील व स्मारकांवरील लेखांची सूची तयार केली. ती १९४१ मध्ये हैदराबाद येथे प्रसिद्ध झाली. असे लेख वाचताना मन हेलावते. मृताचे नाव, पलटण, मृत्यूची तारीख आणि वय एवढाच मजकूर बहुधा असतो. कोठे विशी-पंचविशीतला अधिकारी, कोठे बाळंतपणात गेलेली त्याची पत्नी, कोठे काही महिन्यांचे मूल. तलवारीपेक्षा पटकी आणि हिवतापाने अधिक बळी घेतले, हे या दगडांवरून ध्यानात येते. ही माणसे परक्या सत्तेची होती हे खरे, परंतु मृत्यूपुढे आपण कोणाचा ध्वज विचारीत नाही.

येथे एक प्रश्न मनात येतो. ज्यांच्याजवळ दगड घडवून घेण्याइतके पैसे होते, त्यांची नावे राहिली. ज्यांनी त्यांच्या छावणीत पाणी भरले, घोड्यांना गवत कापले, मुले सांभाळली आणि कबरी खणल्या, त्यांची नावे कोठे आहेत? हा प्रश्न आपल्याला बेथेलकडे घेऊन जातो.

बेथेल : गावकुसाबाहेरच्यांचे गाव

बेथेलची कथा मुंबईत सुरू होते. नारायण शेषाद्री हे ब्राह्मण तरुण स्कॉटिश मिशनरींच्या मुंबईतील शाळेत शिकले आणि १८४३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही त्यांच्यामागून मिशनरींकडे गेला होता. परंतु तो अवघा बारा वर्षांचा असल्याने मुंबईच्या सुप्रीम कोर्टाने त्याला आईवडिलांच्या स्वाधीन केले. त्याला प्रायश्चित्त देऊन पुन्हा ज्ञातीत घ्यावे, यासाठी बाळशास्त्री जांभेकर यांनी सनातन्यांचा रोष पत्करून प्रयत्न केले. हे श्रीपत शेषाद्री प्रकरण महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात प्रसिद्ध आहे. एकाच घरातील दोन भावांच्या वाटा अशा वेगळ्या झाल्या.

त्याच १८४३ साली स्कॉटलंडमध्ये प्रस्थापित चर्चमधून फुटून ‘फ्री चर्च ऑफ स्कॉटलंड’ स्थापन झाले होते. रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी त्या मिशनमध्ये सेवा केली. १८६० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी जालना हे आपले कार्यक्षेत्र केले. डोक्यावर पागोटे आणि अंगात देशी पोशाख असलेले हे मराठी पाळक १८७३ मध्ये न्यूयॉर्क येथे भरलेल्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेतही बोलले. १८९१ मध्ये परदेशाहून परत येत असता समुद्रप्रवासातच त्यांचे निधन झाले. त्यांचे थडगे जालन्यात नाही. त्यांची खरी आठवण म्हणजे शहरापासून दोन-तीन मैलांवर वसलेले बेथेल हे गाव.

हे गाव १८७० च्या सुमारास वसले. हैदराबादचे दिवाण सर सालारजंग यांनी त्यासाठी जमीन दिली. निजामाच्या मुसलमान दिवाणाने दिलेली जमीन, ब्राह्मण कुळात जन्मलेला ख्रिस्ती पाळक आणि तेथे राहावयास आलेली प्रामुख्याने मातंग व महार समाजातील कुटुंबे, असा हा योग होता. गावात उपासनामंदिर झाले, शाळा झाली. त्या काळात या समाजांना गावकुसाबाहेर राहावे लागे. सार्वजनिक विहिरीवर पाणी भरण्याची त्यांना बंदी होती आणि जमिनीची मालकी तर दूरची गोष्ट. अशा माणसांना ‘हे तुमचे गाव’ म्हणून जागा मिळाली, याचा अर्थ समजून घेतला पाहिजे. वेशीबाहेर राहणाऱ्यांनी स्वतःचीच एक वेस उभी केली.

‘बेथेल’ हा हिब्रू शब्द असून त्याचा अर्थ ‘देवाचे घर’. उत्पत्तीच्या पुस्तकातील अठ्ठाविसाव्या अध्यायात याकोब घर सोडून पळालेला आहे. उशाला दगड घेऊन तो उघड्यावर झोपतो आणि स्वप्नात देवाचे अभिवचन ऐकतो. सकाळी उठून तो त्याच दगडाचा स्तंभ उभा करतो, त्यावर तेल ओततो आणि त्या जागेला बेथेल म्हणतो. निराधाराच्या उशाचा दगडच स्मारक झाला. जालन्याच्या माळावर वसलेल्या गावाला हे नाव किती शोभून दिसले असेल!

दगड नसलेले स्मारक

आम्हांला येथे सांगावयाचे आहे ते असे. वास्तूंचा इतिहास लिहिताना आपण साहजिकच उभ्या असलेल्या दगडांकडे पाहतो. मस्तगडाला शिलालेख आहे. छावणीतल्या अधिकाऱ्याला संगमरवरी फलक आहे. परंतु बेथेलमध्ये आलेल्या पहिल्या पिढीतील बहुतेकांची घरे मातीची, आणि त्यांच्या कबरी मातीच्या ढिगाऱ्याच्या. दोनचार पावसाळ्यांत तो ढिगारा सपाट होतो. ही स्थिती केवळ बेथेलची नाही. मराठवाड्यातील आपल्या कॅथलिक धर्मग्रामांतील पहिल्या पिढीचीही तीच कथा आहे. आपले पणजोबा कोठे पुरले, हे आपल्यापैकी किती जणांना दाखविता येईल?

अशा लोकांची स्मारके दोनच ठिकाणी असतात : नोंदवहीत आणि घरातल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणीत. म्हणून आमच्या मते धर्मग्रामाची जुनी नोंदवही ही किल्ल्याइतकीच ऐतिहासिक वास्तू मानली पाहिजे. स्नानसंस्काराच्या एका ओळीत बालकाचे नाव, आईवडिलांची नावे, गाव, धर्ममाता-धर्मपित्याची नावे आणि धर्मगुरूंची सही असते. पुढे दृढीकरण झाले, विवाह झाला, तर त्याची टीप बाजूच्या मोकळ्या जागेत लिहिली जाते. ज्या शेतमजुराचे नाव जमिनीच्या कोणत्याही कागदावर नव्हते, त्याचे नाव या वहीत एखाद्या जमीनदाराच्या नावाइतक्याच अक्षरांत लिहिलेले असते.

१९८३ च्या ख्रिस्तसभेच्या कायदेसंहितेतील कलम ५३५ प्रत्येक धर्मग्रामाला स्नानसंस्कार, विवाह आणि मृत्यू यांच्या नोंदवह्या ठेवण्यास सांगते आणि जुन्या वह्याही काळजीपूर्वक जपाव्यात असे बजावते. कलम १२८३ नुसार धर्मग्रामाच्या स्थावर व मौल्यवान वस्तूंची, तसेच सांस्कृतिक मोल असलेल्या वस्तूंची अचूक यादी असली पाहिजे. जुने मिस्साग्रंथ, चषक, घंटा, मूर्ती आणि छायाचित्रे यांचा त्यात समावेश होतो. वारसा जपणे ही केवळ हौस नव्हे. ख्रिस्तसभेने ते कर्तव्य म्हणून सांगितले आहे.

आपल्या नोंदी एकाच ठिकाणी सापडत नाहीत, याचेही कारण आहे. पूर्वी हा प्रदेश विशाखापट्टणमच्या मिशनकडून नागपूरच्या धर्मप्रांताकडे आला. नागपूर धर्मप्रांत १८८७ मध्ये स्थापन झाला. १९५५ मध्ये अमरावती धर्मप्रांत वेगळा झाला आणि १७ डिसेंबर १९७७ रोजी औरंगाबाद धर्मप्रांत निर्माण झाला. त्यातच जालना जिल्हा येतो. म्हणून एखाद्या कुटुंबाचा माग काढताना या सर्व केंद्रांकडे विचारणा करावी लागते. तसेच स्कॉटिश मिशनची परंपरा अनेक विलीनीकरणांतून पुढे गेली आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये समाविष्ट झाली. त्यांचे आणि आपले पूर्वज बहुधा एकाच गावकुसाबाहेरचे होते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये ख्रिस्तैक्याविषयीचा आदेश दिला. जुन्या नोंदी एकमेकांना दाखविणे आणि दफनभूमी एकत्र स्वच्छ करणे, हेही त्या ऐक्याचेच काम आहे.

आपण काय करू शकतो?

पहिले काम वास्तूंचे. जुन्या दगडी भिंती चुन्यात बांधलेल्या आहेत. वाळू, विटांची सुरखी, कोठे गूळ, हिरडा किंवा बेलफळाचा रस मिसळून घाणीत मळलेला तो चुना ओल शोषून घेतो आणि बाहेरही सोडतो. त्यावर सिमेंटचा गिलावा केला की ओल आत कोंडते, पापुद्रे सुटतात आणि दगडही झिजू लागतो. हेतू चांगला असूनही अनेक ख्रिस्तमंदिरांचे नुकसान अशा दुरुस्तीनेच झाले आहे. म्हणून भिंतीला हात लावण्यापूर्वी चुन्याचे काम जाणणाऱ्याचा सल्ला घ्यावा. पन्हाळी साफ ठेवणे, फुटकी कौले पावसापूर्वी बदलणे, पिंपळाचे रोप बोटभर असतानाच काढणे, ही कामे मात्र कोणीही करू शकतो. मोठ्या जीर्णोद्धारापेक्षा ही दरवर्षीची लहान कामे वास्तूला अधिक आयुष्य देतात. एखादी वास्तू १९६० च्या महाराष्ट्र प्राचीन स्मारक कायद्याखाली किंवा १९५८ च्या केंद्रीय कायद्याखाली संरक्षित असेल, तर परवानगीवाचून तेथे काहीही करू नये.

दुसरे काम दफनभूमीचे. २ नोव्हेंबर हा सर्व मृत भाविकांचा स्मरणदिन. त्या दिवशी आपण आपल्या आप्तांच्या कबरींवर फुले वाहतो आणि मेणबत्त्या लावतो. त्याआधीच्या एखाद्या रविवारी तरुणांनी जुन्या कबरींवरील लेख उतरवून घ्यावेत. सकाळी किंवा संध्याकाळी तिरपे ऊन असताना अक्षरे स्पष्ट दिसतात. छायाचित्र तेव्हाच काढावे. दगड तारेच्या ब्रशाने किंवा ॲसिडने घासू नये. स्वच्छ पाणी आणि मऊ ब्रश पुरे. लेखाचा शब्दन्‌शब्द, चुकांसकट, वहीत लिहावा. ज्या कबरींवर लेखच नाही, त्यांच्याविषयी गावातील वृद्धांना विचारून आराखड्यावर नाव लिहून ठेवावे.

तिसरे काम नोंदवह्यांचे. त्या जमिनीपासून उंच, कोरड्या कपाटात, सुती कापडाच्या बस्त्यात ठेवाव्यात. फाटलेल्या पानांना चिकटपट्टी लावू नये आणि पाने प्लॅस्टिकमध्ये सीलबंद करू नयेत. प्रमुख धर्मगुरूंच्या परवानगीने प्रत्येक पानाचे छायाचित्र काढून त्याची प्रत धर्मप्रांताच्या कार्यालयात ठेवावी. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतच्या अनेक नोंदी लॅटिन भाषेत आहेत. त्या वाचू शकणारे वडीलधारे धर्मगुरू आपल्यात आहेत, तोवरच हे काम व्हावयास हवे.

आणि चौथे काम, जे आजच संध्याकाळी करता येईल. घरातल्या आजी-आजोबांजवळ बसावे आणि आपले घराणे कोणत्या गावाहून आले, पहिला स्नानसंस्कार कोणाचा झाला, कोणाला कोठे पुरले, हे विचारावे. त्यांचे बोलणे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे. ही वास्तू सर्वांत आधी कोसळते आणि तिचा जीर्णोद्धार होत नाही.

समारोप

यहोशवाच्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात इस्राएली लोक यार्देन नदी ओलांडतात, तेव्हा नदीच्या पात्रातून बारा दगड उचलून आणतात. उद्या मुलांनी त्या दगडांचा अर्थ विचारला तर त्यांना सर्व हकिगत सांगता यावी, हा त्यामागचा हेतू. दगड स्वतः बोलत नाहीत. विचारणारे मूल आणि सांगणारे वडील असतील, तरच ते बोलू लागतात.

इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात प्रभू येशूने वेशीबाहेर दुःख सोसले, याची आठवण करून दिली आहे. जालन्याच्या वेशीबाहेर शिपायांची थडगी आहेत आणि गरिबांचे एक गावही आहे. एकाला दगडांनी स्मरणात ठेवले. दुसऱ्याला स्मरणात ठेवण्याचे काम आपल्याकडे आले आहे. येत्या स्मरणदिनी मेणबत्ती लावताना, ज्यांच्या नावाचा दगड कोठेही नाही त्यांच्यासाठीही एक मेणबत्ती लावू या, आणि त्याच दिवशी त्यांचे नाव एका वहीत लिहून ठेवू या.